तीन गिअर मागे, एक पुढे

पहिला गिअर टाकून तिनं क्लचचा दांडा हलकेच सोडला आणि ट्रॅक्टर मागे गेला. फार नाही, हातभरच. पण हातभर मागे मांडणी होती. मांडणीला दणका बसला, वरच्या फळीवरचा डबा कलंडला आणि मूठ-दोन मुठी वॉशर तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, मांडीवरून खणखणत जमिनीवर गेले. तिनं दांडा पुन्हा ओढून धरला. इंजिन आपलं मजेत धडधडत होतं, त्याच्या परीनं सगळं बरोबर चाललं होतं. आपण गिअरच चुकीचा टाकला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच तिला ठाऊक होतं की तसं नाही. तरी खाली उतरून तिनं जॅक लावला, मागची चाकं जमिनीवरून उचलली आणि एकेक गिअर टाकून बघितला. पहिला, मागे. दुसरा, जरा जोरात मागे. तिसऱ्याला चाकं उलटी अशी गरगरली की तिला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. आणि मागचा गिअर टाकल्यावर मात्र तीच चाकं गुणी बाळासारखी पुढे फिरायला लागली. तीन गिअर मागे, एक पुढे. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. अकरा वाजता दीर ट्रक घेऊन यायचे होते. तिनं इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे अडकून राहिलेला एक वॉशर तिच्या कॉलरमधून घरंगळून थंडगार पाठीत उतरला.

ती तशीच बसून राहिली, आपणच बनवलेल्या सीटवर. सीट चांगली झाली होती. बसताना गुडघा आडवा येऊ नये म्हणून तिनं ती चार बोटं मागे घेतली होती, पायातला क्लच काढून हाताशी दांडा आणला होता, चढायला बाजूनं रुंद पायरी जोडली होती. कारण हा ट्रॅक्टर शाळेच्या मैदानाच्या माळ्यासाठी होता आणि माळ्याचा डावा पाय वाकत नसे. गवत कापायचे, माती ओढायचे हे बुटके ट्रॅक्टर, कुणीतरी तीस-चाळीस वर्षं वापरून भंगारात टाकलेले. त्यातल्या एकाचा सांगाडा, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं घेऊन या खोलीत नवा ट्रॅक्टर उभा राहायचा. खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची लांबट पडवी. एका बाजूला कपडे धुवायची मोरी, दुसऱ्या बाजूला मागच्या गल्लीत उघडणारं दोन फळ्यांचं दार. एकतीस वर्षांत इथून सव्वीस ट्रॅक्टर बाहेर पडले होते. प्रत्येकाच्या नाकावर पितळी पट्टी, पट्टीवर आकडा. हा सत्ताविसावा. मिस्त्रींनी सांगाडा कापून लांब केला, इंजिन बसवलं, आणि एका सकाळी दाढी करता करता ते गेले. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. नोकरी पाणीखात्यात नकाशे काढायची, पण अख्खं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मग मनातल्या मनात तीही म्हणायला लागली होती.

त्याला आता अकरा महिने झाले होते. तिसऱ्या महिन्यात दीर आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि पान्यांच्या रांगेवरून त्यांनी बोट फिरवलं. वाईट माणूस नव्हे. भावावर जीव होता त्यांचा, डोळ्यांत पाणी होतं. "गंजून जातील हो वहिनी. दादाच्या हातची हत्यारं आहेत. माझ्याकडे शेड आहे, मी वापरीन तरी. आणि ही खोली मोकळी झाली तर तुम्हालाही बरं." खोली मोकळी झाल्यावर आपल्याला बरं कसं वाटेल, हे तिला कळेना. पुढच्या दोन खोल्यांत ती जेवायची, झोपायची, लोकांशी बोलायची. राहायची ती इथेच. ती म्हणाली, "हा एक अर्धा आहे, तो पुरा होऊ दे." ते म्हणाले, "पुरा कोण करणार?" ती म्हणाली, "मी." त्यावर ते हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फार मायेनं मान हलवली. "तुम्ही दादाला केवढी साथ दिलीत, मला का माहीत नाही? पाना म्हटलं की पाना, चहा म्हटलं की चहा. पण ते काम वेगळं हो." मग तिनंच, नाकाला मिरची झोंबल्यासारखी, वायदा करून टाकला. अमुक रविवारी अकरा वाजता या. ट्रॅक्टर आपल्या पायांनी या दारातून बाहेर पडला तर हत्यारं इथेच राहतील, पुन्हा विषय काढायचा नाही. नाही पडला तर सगळं घेऊन जा, मी स्वतः उचलून देईन. दीर म्हणाले, "चालेल." तो रविवार आज होता.

पाना म्हटलं की पाना. हे वाक्य गेले आठ महिने तिच्या कानात कुसळासारखं बसलं होतं. आधी राग आला होता. मग रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं: हेच खरं असलं तर? सगळं गाव एक म्हणतं आणि आपण एकटी दुसरं, तर चुकतंय कोण? सव्वीस ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या सव्वीस माणसांनी मिस्त्रींचा हात हातात घेतला होता. तिला सगळ्यांनी हसून नमस्कार केला होता, आणि चहा छान होता म्हणाले होते. मिस्त्रींनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्यांना तरी काय म्हणायचं, तिनं स्वतः कधी तोंड उघडलं होतं? आणि आता ही तीन गिअर मागे जाणारी चूक. थाळी उलटी बसलीय, दुसरं काही नाही. मागच्या एक्सलच्या पेटीत एक मोठं दातेरी चाक असतं, जेवणाच्या थाळीएवढं, म्हणून मिस्त्री त्याला थाळीच म्हणायचे. ते मधल्या छोट्या दात्यांच्या एका बाजूला बसवलं की ट्रॅक्टर पुढे जातो, दुसऱ्या बाजूला बसवलं की मागे. सव्वीस वेळा ती बरोबर बाजूला बसली होती. सत्ताविसाव्या वेळी, पहिल्यांदाच ती एकटी असताना, उलटी बसली. याचा अर्थ काय होतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

मिस्त्रींचं पोट, सगळं सुरू झालं ते त्यांच्या पोटापासून. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पहिलाच ट्रॅक्टर होता, आणि खालून एक नट घरंगळून आत गेला. मिस्त्री आडवे झाले, अर्धे आत गेले आणि अडकले. ती त्यांना जेवायला बोलवायला आली होती. तिनं त्यांचे पाय धरून त्यांना बाहेर ओढलं, दोघंही हसून हसून लाल झाली, आणि मग ती म्हणाली, थांबा, मी जाते. मागच्या चाकांमधून डोकं घालून ती उताणी आत सरकली. नट सापडला. पण नट सापडल्यावर ती बाहेर आली नाही. वर बघितलं तर सगळा ट्रॅक्टर पोट उघडं टाकून तिच्यावर पसरलेला. दिवसभर टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून ती न दिसणाऱ्या माणसांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायची, आणि कोण कुणाशी काय बोललं याचा पत्ता नसायचा. इथे कोण कुणाला जोडलंय ते नाकासमोर दिसत होतं. हा दांडा याला फिरवतो, हे त्याला ओढतं. "काय दिसतंय?" मिस्त्रींनी वरून विचारलं. "सगळं," ती म्हणाली. पुढच्या रविवारी त्यांनी तिच्यासाठी चार चाकांची एक फळी बनवली, डोक्याकडे जुन्या गादीचा तुकडा ठोकला. तेव्हापासून वरचं सगळं त्यांचं आणि खालचं सगळं तिचं. इंजिन, पत्रा, रंग, हँडल त्यांचं. गिअर, एक्सल, ब्रेक तिचं. बघायला येणारी माणसं वरचंच बघायची. तिला दिसायचे ते त्यांचे बूट. क्लबाच्या सेक्रेटरीचे टोकदार, नर्सरीवालीचे चिखलाचे, दिरांचे नेहमी नवेकोरे. त्यांना तिच्या फक्त चपला दिसत असाव्यात. "मिस्त्री, तुमच्या हातात जादू आहे," असं कुणी म्हटलं की मिस्त्री पत्र्यावर दोनदा टकटक करायचे. ती खूण तिच्यासाठी होती. ऐकलंस का? आणि ती खालून ओरडायची, "बाराचा पाना द्या." त्या दोन टकटकींवर तिनं एकतीस वर्षं काढली होती. पण आता टकटक करणारा माणूस नव्हता आणि नुसती टकटक कुणी ऐकली नव्हती. एकदा, एकदाच तुम्ही तोंडानं सांगायला हवं होतं, असं ती आता खोलीतल्या रिकाम्या हवेला म्हणाली, आणि तिला त्यांचा मनापासून राग आला.

दीर सव्वादहालाच आले. वेळेआधी येणं हा त्यांचा स्वभाव होता. गल्लीत ट्रक मागे-पुढे झाला आणि नेमका दाराच्या तोंडाशी येऊन थांबला, चढवायला सोपं पडावं म्हणून. त्यांनी दार ढकललं, ट्रॅक्टर बघितला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! उभा केलात की. रंगसुद्धा दादाचाच." तिला लपवालपवी जमत नसे. तिनं त्यांच्यादेखत इंजिन सुरू केलं आणि जॅकवर फिरणारी चाकं दाखवली. दिरांनी वाकून बघितलं.

"वहिनी, पुढचा गिअर टाका ना."

"पुढचाच आहे."

"अरेरे." ते गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. "थाळी उजवीकडे बसवलीत तुम्ही. डावीकडे हवी."

"उजवीकडेच असते थाळी," ती म्हणाली.

"नाही हो. कंपनीच्या पुस्तकात चित्र आहे, दाखवू का? नवीन माणसाची ठरलेली चूक आहे ही. दादा सांगायचा, पहिल्यांदा पेटी उघडणारा हमखास उलटी बसवतो." आणि मग आवाज खाली आणून, "मनाला लावून घेऊ नका. प्रयत्न केलात, हेच खूप झालं." त्यांनी बाह्या सरसावल्या, पान्यांचा लाकडी खोका दोन्ही हातांनी उचलला आणि दाराकडे निघाले.

उजवीकडेच असते. आपण हे इतक्या ठामपणे का म्हणालो? पुस्तक तिनंही बघितलं होतं. पुस्तकात थाळी डावीकडे होती, हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही तोंडातून उजवीकडे निघालं होतं. तिनं आपला उजवा हात समोर धरला. हातच म्हणत होता. थाळी जड असते, ती उचलताना कोपर छातीशी घ्यायचं, मनगट बाहेर वळवायचं आणि उजवीकडे, उजवीकडे सरकवत न्यायची, मग ती आपल्या जागी बसताना खट्ट करून एक आवाज येतो. हात हे सगळं करून दाखवत होता, हवेत, दिरांच्या पाठीमागे. पण मागच्या महिन्यात तिनं हे केलं तेव्हा ती फळीवर नव्हती. खांदा आखडला होता, डॉक्टरांनी कडक जमिनीवर झोपायचं नाही म्हणून बजावलं होतं. म्हणून तिनं जन्मात पहिल्यांदा एक्सलची पेटी काढून टेबलावर घेतली होती. टेबलाशी उभी राहून, दिवा लावून, सगळ्या जगासारखी वरून बघत तिनं थाळी बसवली होती. उजवीकडे. आणि मागच्या चाकांमधून डोकं घालून उताणं झोपलं की? तिनं डोळे मिटले. पाठीला फळी लागली. वर ट्रॅक्टरचं पोट आलं. ट्रॅक्टरची डावी बाजू तिच्या उजव्या हाताला आली.

तिला वाटलं आपण मोठ्यानं ओरडलो, पण आवाज फुटला नव्हता. पुस्तक वाचून बसवणारा डावीकडे बसवील. नवीन माणूस गोंधळेल, कुठेतरी बसवील. पण इतक्या बेधडक, जराही न चाचपता चुकीच्या बाजूला थाळी बसवायची तर माणसानं आधी सव्वीस वेळा ती खालून बसवलेली असली पाहिजे. ही चूक दिरांना करता आली नसती. मिस्त्रींनाही आली नसती. ही चूक करायला एकतीस वर्षं पाठीवर झोपावं लागतं. आठ महिने कानात बसलेलं कुसळ निघालं, तसं तिला एकदम सगळं लख्ख ऐकू आलं. पाना म्हटलं की पाना! अहो, पण पाना म्हणायचं कोण? खालून मीच मागायची. देत होते ते तुमचे दादा!

"भाऊजी, खोका खाली ठेवा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"अकरा वाजायचेत अजून. आणि मला त्यातला सतराचा लागणार आहे."

भिंतीवरच्या हुकाला टांगलेली चाकांची फळी तिनं काढली. अकरा महिन्यांची धूळ तिच्यावर होती, ती तिनं हातानंच पुसली. एक चाक कुरकुरत होतं, त्यात तेलाचा थेंब सोडला. दीर म्हणत होते, "वहिनी, अहो, खांदा... डॉक्टर काय म्हणाले... तुम्ही कशाला..." तोवर तिनं जॅकच्या जोडीला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे सरकवले होते, तसराळं ओढून घेतलं होतं आणि ती आत गेली होती. खांदा कळवळला. चौसष्ट वर्षांचा होता, कळवळणारच. तिनं दोन श्वास घेतले. वर ट्रॅक्टरचं पोट होतं, प्रत्येक नट आपल्या जागी होता, आणि थाळीची पेटी नाकापासून वीतभर अंतरावर होती. ऑइलचा तो जाडसर, गोडसर वास. सगळं घर गेलं असतं तरी चाललं असतं, ही एवढी जागा तिची होती.

पेटीच्या खालच्या झाकणाला बारा नट. तिनं ऑइल सोडलं, ते तसराळ्यात गळून संपेपर्यंत हाताशीच असलेल्या पान्यानं नट सैल करून ठेवले. "भाऊजी, दोन्ही चाकं काढा. मग दोन्हीकडचे एक्सलचे दांडे हातभर बाहेर ओढा. जपून, सील फाटेल." मग नवेकोरे बूट एकदा इकडे, एकदा तिकडे झाले, आणि मुकाट्यानं डाव्या चाकाशी येऊन वाकले. नट खोलल्याचा आवाज आला. दांडे सुटले. थाळी तिच्या छातीवर आली, जड, ऑइलनं निसरडी. "सतराचा द्या." वरून एक हात आला, हातात चौदाचा होता. तिनं तो परत दिला. "सतराचा म्हटलं मी." यावेळी बरोबर आला. "डाव्या कप्प्यात तंबाखूचा डबा आहे, त्यात पातळ वॉशर आहेत. अगदी कागदासारखा असेल तो एक द्या."

"तो कशाला? थाळी फिरवायची ना फक्त?"

"थाळी फिरवली की दात्यांमधली फट पण बाजू बदलते. नुसती फिरवाल तर चालेल, पण किंचाळेल, आणि वर्षभरात दाते खाईल."

"हे पुस्तकात नाही," दीर म्हणाले.

"नाहीच आहे."

मग त्यांचे गुडघे जमिनीला टेकले, मग एक हात, मग गाल, आणि दोन ठोकळ्यांच्या मधल्या जागेतून त्यांचा आडवा चेहरा तिच्याकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत त्यांचे बूट सोडून दुसरं काही तिनं इथून बघितलं नव्हतं. कपाळाला ग्रीस लागलं होतं. हुबेहूब थोरल्या भावासारखे दिसत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्याकडचा तो अकरा नंबरचा... आणि क्लबाचा... सगळ्यांचं हे खालचं..."

"सगळ्यांचं."

"दादा कधी बोलला नाही."

"नाही बोलले," ती म्हणाली. "चुकलंच त्यांचं. आणि माझंही. बॅटरी जरा इकडे धरा."

त्यांनी बॅटरी धरली. तशी गरज नव्हती. तिनं कोपर छातीशी घेतलं, मनगट बाहेर वळवलं आणि थाळी उजवीकडे, उजवीकडे सरकवत नेली. खट्ट. तो आवाज दिरांनीही ऐकला, कारण बॅटरीचा उजेड जरासा हलला. झाकण लावताना ती कुठल्यातरी जुन्या गाण्याची चाल गुणगुणत होती. पाना मागायच्या आत पाना येत होता. तिनं हात लांब केला की तळव्यावर तो ठेवलेला असायचा, बरोबर मापाचा. अकरा केव्हाच वाजून गेले होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलंही नाही.

चाकं चढली, जॅक निघाला. कपड्यांवर ऑइलचे ओघळ, केसांत वॉशर, अशी ती सीटवर चढून बसली. खांदा ठणकत होता, खुशाल ठणकू दे. उद्या माळी येईल. या वेळी पट्टीवर नुसता आकडा नसेल, तिचं नाव असेल, आणि ते माळ्याला ती स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवील. इंजिन एका दणक्यात सुरू झालं. तिनं पहिला गिअर टाकला. दीर बाजूला उभे होते, फडक्यानं हात पुसायचे विसरले होते. तिनं दांडा हलकेच सोडला, आणि सत्ताविसावा ट्रॅक्टर न खडखडता, न किंचाळता, पुढे निघाला. हातभर. दोन हात. पितळी पट्टीची रिकामी जागा असलेलं त्याचं नाक दाराबाहेर उन्हात गेलं आणि तिथे थांबलं, कारण तिनं दांडा ओढून धरला होता. समोर आडवा ट्रक होता, सामान भरायला मागचं फळकूट उघडं टाकलेला, रिकामा.

दिरांनी ट्रॅक्टरच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली. त्यांना काही ठाऊक नव्हतं, कौतुकानं थोपटावं तशी केली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. दुसऱ्या गिअरला हात घालत, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली:

"भाऊजी, ट्रक मागे घ्या. मला पुढे जायचंय."